गुरुवारची बाई

प्रिय ताई,

नमस्कार. शाळेतून आल्यावर मागच्या दाराच्या पायरीवर बसून आपण दोघी बोटांवरचे शाईचे डाग लिंबाच्या फोडीने घासायचो, ते तुला आठवतं का? पिळून झालेली साल तू घ्यायचीस आणि रसाची फोड मला द्यायचीस, कारण माझ्या बोटांवर डाग जास्त असायचे. आतून आई विचारायची, "लिंबं कोण संपवतंय गं?" आणि आपण एका सुरात सांगायचो, "कोणी नाही." त्यात विशेष असं काहीच नव्हतं. ऊन भिंतीवरून खाली सरकायचं, शेजारच्यांचा कुत्रा आपल्याकडे बघून जांभई द्यायचा, एवढंच. इतक्या वर्षांत मी मोठमोठे समारंभ विसरले, माझ्या स्वतःच्या निरोपाच्या दिवशीची भाषणं विसरले (ती त्याच लायकीची होती), पण त्या पायरीचा गारवा अजून आठवतो.

तुझा गुडघा कसा आहे? भाचीचा निरोप आला होता की तू रोज व्यायाम केल्याचं सांगतेस आणि करत नाहीस. भाऊजींचं कानाचं यंत्र सापडलं का? (मागच्या वेळी ते चष्म्याच्या घरात होतं, आणि चष्मा साखरेच्या डब्यावर.) आता यापुढे इकडचं सगळं छान चाललं आहे असं लिहायची रीत आहे, आणि मी ती जन्मभर पाळली. ज्या वर्षी माझी दोन दातांची मुळं काढली आणि छप्पर गळलं, त्याही वर्षी पाळली. यावेळी मात्र हात धजत नाही. ताई, इकडचं काहीही छान नाही. मी पुरती अडकले आहे, आणि ज्या खड्ड्यात पडले आहे तो मी स्वतःच्या हाताने, उत्तम अक्षरात खणलेला आहे.

तुला ठाऊक आहे की मुलगा आणि सूनबाई कामासाठी दोन वर्षं दुसऱ्या गावी गेले, आणि माझी नात या वर्षीपासून माझ्याकडे राहते. सातवीत आहे. घरात तिला सगळे वकीलसाहेब म्हणतात, कारण चार वर्षांची असताना मी तिला म्हटलं होतं की आता झोप, चांदोबासुद्धा झोपला, तर तिने विचारलं होतं, "बघितलंस?" नव्या शाळेत तिचं पहिले तीन महिने कोणाशी जमलं नाही. मला मात्र रोज सांगायची की मैत्रीण डब्यातलं मागते, जास्त दे. मी आनंदाने जास्त द्यायचे. मग एकदा शाळेतल्या शिपाईबाई बाजारात भेटल्या आणि सहज बोलून गेल्या की तुमची नात पाण्याच्या टाकीमागे एकटीच बसून डबा खाते, भूक मात्र चांगली आहे हो पोरीला. त्या दिवशी मी भाजी न घेताच घरी आले. वकीलसाहेबांना काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा डबा भरून जास्त दिला. दुसरं काय करणार होते?

आणि मग ही स्पर्धा आली. 'आपल्या गावाचा अज्ञात इतिहास', इयत्ता पाचवी ते सातवी, तिघातिघांचे गट. वर्गातल्या बाईंनी नातीच्या गटात आणखी दोघांना घातलं. एक आमच्या गल्लीतल्या शिंपीणबाईंची मुलगी. तिला सगळे पाढेबाई म्हणतात, कारण तिला एकोणतीसचा पाढा उलटा येतो आणि न विचारता येतो. दुसरा एक गोलमटोल मुलगा, टोपणनाव बोका, जो सतत काहीतरी चित्र काढत असतो आणि उरलेल्या वेळात स्वयंपाकघराकडे बघत असतो. पहिल्या शनिवारी तिघं माझ्या जेवणाच्या टेबलाशी बसली. मी आत भाजी चिरत होते. बाहेरून नातीच्या हसण्याचा आवाज आला. ताई, माझ्या घरात ती तसं पहिल्यांदाच हसली. मी सुरी खाली ठेवली आणि नळ बंद केला, नीट ऐकू यावं म्हणून.

गटाला एक मार्गदर्शक लागतो. एकतीस वर्षं इतिहास शिकवून निवृत्त झालेली आजी घरातच असताना पोरं दुसरीकडे कशाला जातील? मी मोठ्या तोऱ्यात सही केली. स्पर्धेचे नियम मला फार आवडले होते. प्रत्येक गोष्टीला दोन साक्षीदार हवेत, ते दोन वेगळ्या घरांतले हवेत, आणि प्रत्येकाची जबानी छापील कागदावर तीन प्रतींत हवी. मी मुलांसमोर छोटंसं भाषणही ठोकलं, पुरावा नाही तर इतिहास नाही, वगैरे. (तेच, एकतीस वर्षांचं. पुढे ऐकशील तेव्हा हसू नकोस.) बक्षीस म्हणजे नुसता कप नाही. पहिल्या आलेल्या गटाचं संशोधन चौकातल्या घड्याळाच्या मनोऱ्याखाली दगडावर कोरणार आहेत. दगडावर, ताई! कागद असता तर फाडता आला असता.

दुसऱ्या शनिवारी तिघं वाचनालयातून पळत आली. "आजी, आम्हाला एक बाई सापडली!" मी म्हटलं, कुठली बाई, कुणाची बाई, आधी चपला काढा. नातीने वहीत उतरवून घेतलेलं वाचायला सुरुवात केली. मनोऱ्याच्या पहिल्या घड्याळवाल्याची नोंदवही, पंच्याऐंशी वर्षांपूर्वीची. "गुरुवार. ती आज पुन्हा आली. खाली उभी राहून वर बघत होती. घड्याळ मागे आहे म्हणाली. मी लावून घेतले. तिचेच बरोबर होते." असे सोळा गुरुवार, आजी, सोळा! घड्याळातलं कळणारी बाई, त्या काळात! आणि तिचं नावसुद्धा कुणाला माहीत नाही!

मी भिंतीला टेकले. कारण ती बाई मला माहीत होती. तिचा जन्म आपल्या शाळेच्या शिवणाच्या खोलीत झाला, तू संत्रं सोलत असताना.

मागच्या आठवड्यात मी विषय काढला तेव्हा तू फोनवर "कसलं घड्याळ?" म्हणालीस, म्हणून सविस्तर आठवण करून देते. मी सातवीत, तू नववीत. इतिहासाच्या सिस्टरना अडगळीच्या कपाटात ती नोंदवही मिळाली होती. रोज एक पान, एकशे बारा पानं, आणि प्रत्येक पानाच्या खालच्या दोन ओळी ओलीने पार खाल्लेल्या. माझं अक्षर शाळेत सगळ्यांत चांगलं (यात गर्व नाही, ताई, तेवढं एकच चांगलं होतं), म्हणून सुट्टीत शाळेच्या शिवणाच्या खोलीत बसून स्वच्छ प्रत काढायचं काम माझ्याकडे आलं. आणि सिस्टरांचा नियम तुला आठवत असेलच: कोरी जागा म्हणजे आळस. जिथे कोरं दिसेल तिथे अर्धा गुण वजा. ओल लागली, अक्षर गेलं, उंदराने खाल्लं, ही कारणं त्या ऐकून घेत नसत. त्यांना पान भरलेलं हवं असे. एकशे बारा पानांचे अर्धे अर्धे गुण गेले असते तर पन्नासातून कापून मी शून्याच्याही खाली गेले असते. मी रडायला लागले तेव्हा तू म्हणालीस, "रडतेस काय, मी सांगते, तू लिही."

सुरुवातीला आपण अगदी सज्जनपणे भरलं. "चौकात शांतता." "वारा बेताचा." "पाहुणे आले नाहीत." तीन पानांतच तुला कंटाळा आला. पहिला गुरुवार आला तेव्हा तू संत्र्याची फोड तोंडात टाकलीस आणि म्हणालीस, "लिही, आज एक बाई आली." मी विचारलं, कोण? तू म्हणालीस, ते पुढच्या गुरुवारी बघू. आपण कुणाला फसवायला निघालो नव्हतो, हे मी शपथेवर सांगेन. आपण पान भरत होतो. वर घड्याळवाल्याने लिहिलेलं सगळं मी कानामात्रेसह खरं उतरवलं. खोटं फक्त तळाला आहे, प्रत्येक पानावर दोन ओळी.

मूळ वही बुरशी आली म्हणून माळीदादांनी पाल्याबरोबर जाळली. माझं नाव प्रतीवर नव्हतं, कारण दुसऱ्याच्या मजकुराखाली आपलं नाव घालणं हा सिस्टरांच्या मते अहंकार. पुढे शाळेने ती प्रत वाचनालयाला भेट दिली, तिथे बांधणीवाल्याने 'स्वच्छ प्रत' लिहिलेलं पहिलं पान कडा सारखी करताना काढून टाकलं, शाई पन्नास वर्षांत तपकिरी झाली, आणि आता माझ्या सातवीतल्या सुट्टीच्या अभ्यासाला काचेच्या कपाटात ठेवून त्यावर पाटी लावली आहे: मूळ प्रत, हात लावू नये.

आता विचारशील, की त्याच दिवशी का सांगितलं नाहीस? तोंड उघडलं होतं गं. तेवढ्यात नातीने त्या दोघांच्या गळ्यात हात टाकले आणि म्हणाली, "ही आपली बाई." आपली. तिघांची. मी उघडलेलं तोंड मिटलं आणि विचारलं, लिंबू सरबत कोणाकोणाला?

मला वाटलं होतं, साक्षीदार मिळणार नाहीत आणि प्रकरण आपोआप बारगळेल. नियम कडक आहेत, दोन साक्षीदार, दोन घरं. नसलेल्या बाईला कोण बघणार? इतिहासाची शिक्षिका म्हणून मी आयुष्यात इतकी चुकले नव्हते. ताई, तिला सगळ्यांनी बघितलं आहे! सलूनवाल्याने सांगितलं की ती त्याची चुलतआजी. पोस्टमनकाका, ज्यांना निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली, त्यांनी सांगितलं की तिची पत्रं तेच टाकायचे. वकीलसाहेबांनी त्यांचं जन्मसाल विचारलं, बोटांवर मोजलं आणि म्हणाली, "काका, तेव्हा तुम्ही नव्हता." ते जरासुद्धा न डगमगता म्हणाले, "मग वडील टाकत असतील. पत्रं मात्र आमच्याच घरातून जायची." बोक्याने प्रत्येकाकडून वर्णन घेऊन तिचं चित्र काढलं. सलूनवाल्याने तिला स्वतःच्या आईचं नाक दिलं, पोस्टमनकाकांनी बायकोचा चष्मा दिला, वाचनालयातल्या गृहस्थांनी, ज्यांना कोणी काही विचारलंच नव्हतं, गालावर तीळ सुचवला. चित्र इतकं सुरेख झालं आहे की मलाही क्षणभर वाटलं, हिला कुठेतरी पाहिलंय.

पण खरा घाव घातला पाढेबाईने. तिने घड्याळवाल्याने वर लिहिलेले आकडे तपासले. सोमवारी सकाळी तो घड्याळ बरोबर लावायचा आणि ते रोज तीन मिनिटं मागे पडायचं. मंगळवारी तीन, बुधवारी सहा, गुरुवारी नऊ, शुक्रवारी बारा. आता गुरुवारी सकाळी बाईच्या सांगण्यावरून ते पुन्हा बरोबर लावलं, तर शुक्रवारी सकाळी ते तीनच मिनिटं मागे हवं की नाही? वहीत मात्र दर शुक्रवारी बारा. सोळाच्या सोळा शुक्रवारी. (ताई, तुझं गणित! संत्रं खाताना एकदा तरी वरची ओळ वाचायची होतीस. मी तर वेलांट्यांच्या गोलाईपलीकडे काही बघतच नव्हते.) मी मनात म्हटलं, सुटले. आता पोरं म्हणतील की खालच्या ओळी खोट्या. पाढेबाईने चष्मा वर सरकवला आणि जाहीर केलं, "याचा अर्थ एकच. दर गुरुवारी बाई गेल्यावर कोणीतरी गुपचूप वर जाऊन घड्याळ नऊ मिनिटं मागे करत होतं."

मग त्या कोणाचा शोध सुरू झाला. मनोऱ्याच्या पायथ्याशी जी बेकरी आहे, तिच्या मालकाने स्वतः होऊन अभिमानाने सांगितलं की मनोऱ्याची दुसरी किल्ली आमच्या आजोबांकडे असायची. झालं! तिघांनी एकमेकांकडे बघितलं आणि बेकरीवाल्याच्या आजोबांवर तिथल्या तिथे आरोप ठेवला. पाव उशिरा निघाला तरी घड्याळात वेळेवर दिसावा, म्हणून म्हाताऱ्याने नऊ मिनिटं चोरली, असा. बेकरीवाला दोन दिवस आमच्याशी बोलला नाही. "बाई, तुम्ही मला पाचवीला शिकवलंत, आणि माझ्याच आजोबांना चोर करता?" मला तोंड दाखवायला जागा उरली नाही. तिसऱ्या दिवशी तोच हसत आला. म्हणाला, विचार केल्यावर पटलं, आजोबा तसेच होते. आता तो गिऱ्हाइकांना पावाबरोबर ती गोष्टही देतो. एका अतिशय प्रामाणिक माणसाचं नाव मी बुडवलं, ताई, आणि त्याचा नातू मला वर बिस्किटं देतो.

मी काहीच केलं नाही असं समजू नकोस. एकदा मुलांना म्हटलं, जुन्या कागदांवरसुद्धा डोळे मिटून विश्वास ठेवू नये. नात म्हणाली, "आजी, मूळ प्रत आहे. पाटी आहे तिथे." मग मी स्वतः वाचनालयात गेले. तिथल्या गृहस्थांनी मला आधी पांढरे हातमोजे घालायला लावले, माझ्याच वहीला हात लावायला. मी म्हटलं, अहो, हे अक्षर ओळखीचं वाटत नाही का, आणि खिशातला कागद काढून त्यांच्यासमोर चार ओळी लिहून दाखवल्या. त्यांनी दोन्ही अक्षरं शेजारी धरली, खूप वेळ बघितली, आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "वा, बाई! त्या काळचं वळण तुम्ही किती जपलंत!"

पण मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. बेकरीवाल्याच्या आई, ब्याण्णव वर्षांच्या, दुकानामागच्या खोलीत खिडकीशी बसून असतात. माणसं ओळखत नाहीत, मुलालाही कधी दादा म्हणतात, कधी डॉक्टर. मुलं त्यांच्याकडे गेली तेव्हा मीही होते. बोक्याने चित्र समोर धरलं. त्यांनी ते दोन्ही हातांत घेतलं आणि स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "ही. हिने मला उचलून घड्याळ दाखवलं होतं. मोठा काटा कुठला ते हिनेच शिकवलं." बेकरीवाला दारात उभा होता. कित्येक महिन्यांत आई एवढं सलग बोलली नव्हती, म्हणाला, आणि पीठ लागलेल्या हातानेच डोळे पुसायला लागला. माझी नात जबानी लिहून घेत होती. मी खिडकीबाहेर बघत उभी होते आणि माझ्या मनात एकच वाक्य फिरत होतं, कोरी जागा म्हणजे आळस.

परवा, शनिवारी दुपारी बारापर्यंत वही जमा करायची आहे. सांगितलं तर माझी नात मला काय म्हणेल, याची भीती नाही असं नाही. पण त्याहून मोठी भीती त्या टेबलाची आहे. तीन खुर्च्या, एक डिंकाची बाटली, तिघांचं एकमेकांवर ओरडणं. बाईच राहिली नाही तर ती दोघं उद्या कशाला येतील? आणि वकीलसाहेब पुन्हा टाकीमागे जाऊन बसतील. न सांगावं तर आपली सुट्टीतली गंमत दगडावर जाईल आणि माझी नात जन्मभर तिच्याखालून जाताना मान ताठ करून जाईल. एकतीस वर्षं मी लोकांच्या मुलांना जे शिकवलं ते माझ्याच घरात खोटं, आणि तेही माझ्या अक्षरात!

म्हणून खूप विचार करून ठरवलं आहे की गप्प बसायचं. मी फार मोठी नाही, ताई, मला तेवढंच जमतं. तुला यात ओढण्याचा माझा विचार नाही, तू निश्चिंत राहा. काही करू नकोस, काही पाठवू नकोस, फक्त वाच, आणि जमलं तर मला दोन ओळी बऱ्या लिही. गुडघ्याचा व्यायाम कर. भाऊजींना नमस्कार.

तुझी,
धाकटी

ता. क. वरचं सगळं सकाळी लिहिलं. पाकीट बंद करणार तेवढ्यात नात शाळेतून आली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तुला बरं नाहीये का?" एवढंच. माझ्याने राहवलं नाही. डिंकाची बाटली हातात धरून मी सगळं सांगितलं. ती रडली नाही, ओरडली नाही. हळूच खुर्ची ओढली, जबानीचा कोरा कागद समोर घेतला आणि विचारलं, "त्या प्रतीला गुण किती मिळाले?" मी म्हटलं, पन्नासातले एकोणपन्नास. "एक का गेला?" शाईचा डाग पडला होता. तिने ते लिहून घेतलं. मग खोलीत जाऊन दार लावून घेतलं. तो अर्धा तास कसा गेला ते मला विचारू नकोस.

अर्ध्या तासाने बेल वाजली. तिने त्या दोघांना फोन करून बोलावलं होतं. मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत होते. (नळ बंद करून. आता लपवण्यासारखं काय उरलंय?) आधी नुसता नातीचा आवाज. मग पाढेबाई किंचाळली, "म्हणजे माझं गणित बरोबर होतं!" बोका म्हणाला, "आणि माझं चित्र?" नात म्हणाली, "चित्र राहणार. पहिल्याच पानावर." मग तिघं एकदम बोलायला लागली आणि मला शब्द कळेनासे झाले, पण तो आरडाओरडा मी ओळखते. खुर्च्या तीनच होत्या आणि तिन्ही भरलेल्या होत्या. वहीचं नाव बदललं आहे: 'नसलेली बाई सगळ्यांना कशी आठवली'. मला मार्गदर्शक पदावरून काढलं आहे. "तू आता साक्षीदार आहेस आजी, तुला या खोलीत बसता येणार नाही." त्यामुळे हे मी स्वयंपाकघरात, विळीच्या पाटावर बसून लिहिते आहे. अजून माझ्याशी ती नीट बोलत नाही. पण मघाशी दार किलकिलं करून म्हणाली, "उद्याचा डबा तिघांचा दे."

ता. क. २. आता मुद्द्याचं. मी एकच साक्षीदार झाले. नियम तुला वर सांगितलाच आहे, दोन हवेत, आणि वेगळ्या घरातले हवेत. म्हणून तुझं नाव दिलं आहे. हो, मला माहीत आहे तू वीस वर्षं मुख्याध्यापिका होतीस आणि तुझ्या ऑफिसात सत्याबद्दलचा सुविचार टांगलेला होता. मला हेही माहीत आहे की तुझी नातवंडं तुला देव मानतात. माझीही मला मानत होती, आज दुपारपर्यंत. फोनवर तू "मला काही आठवत नाही" म्हणालीस तेव्हा मागून भाऊजी म्हणाले होते, "अगं, ती संत्र्याची गोष्ट तू मला शंभरदा सांगितली आहेस." यंत्र नसलं तरी माणसाला कधीकधी नेमकं ऐकू येतं. तेव्हा जबानीचे तीन कागद सोबत जोडले आहेत. काय बोललीस, कधी, कुठल्या खोलीत, सगळं लिही. वेळ अगदी थोडा आहे म्हणून हे पाकीट आत्ताच कुरियरने पाठवते आहे. तोच माणूस उद्या संध्याकाळी परत न्यायला येईल, त्याला दारात ताटकळत ठेवू नकोस.

ता. क. ३. कुठला कागद कोणाला, ते नीट वाच, नाहीतर गोंधळ करशील. पांढरा कागद स्पर्धेच्या कार्यालयाला, पण पाठवायचा माझ्या नातीच्या नावे. ती तपासून पुढे देईल, माझ्यावर तिचा सध्या विश्वास नाही. गुलाबी कागद वाचनालयातल्या गृहस्थांना, त्याच्यासोबत तुझ्या हाताने चार बऱ्या ओळी लिही, कारण पाटी उतरवताना त्यांना फार वाईट वाटणार आहे. पिवळा तुझ्याजवळ राहील, तो नातवंडांना दाखवायचा की नाही ते तुझं तू बघ. एक साधं पत्र बेकरीवाल्याला पाठव, की त्याच्या आजोबांनी एक मिनिटही कधी चोरलं नाही आणि त्या नऊ मिनिटांची चूक सर्वस्वी तुझी आहे. त्याला मी उद्या सकाळी स्वतः जाऊन सांगणार आहेच, पण तुझ्या सहीला वजन आहे. चित्राची एक प्रत बोक्याने वेगळी काढून ठेवली आहे, ती बेकरीवाल्याच्या आईंच्या खिडकीत लावायची. त्यांना मात्र कोणी काही कळवायचं नाही, हे तिघांनी मतदान घेऊन ठरवलं आहे. त्यांना ती आठवते.